हूक किती जाड ते नंतर, आधी किती उंच ते बघा

वाचकाचं पत्र

नमस्कार सर. आम्ही शिराळा तालुक्यातले. यंदा दसऱ्याला कर्ज काढून ५० एचपीचा ट्रॅक्टर घेतला आणि कारखान्याशी ऊस वाहतुकीचा करार केला. दोन जुन्या दोनचाकी ट्रॉल्या मिळाल्यात, त्या एकामागं एक जोडून डबल ओढायच्या आहेत. अडचण अशी की ट्रॉलीची कडी ट्रॅक्टरच्या हुकापेक्षा बरीच उंच येते. गावातला वेल्डर म्हणतो, १६ एमएमची प्लेट मारून हूक वर घेऊन देतो, हत्ती बांधला तरी तुटायचा नाही. चुलते म्हणतात, खर्च कशाला, टॉपलिंकच्या ब्रॅकेटला पिन घाल आणि ओढ, भावकीतले ओढतातच की. वडील म्हणतात, डीलरनं ड्रॉबारची भोकाची पट्टी दिलीय ती कशाला मग? आमच्या वाटेला एक लांब उतार आहे आणि थोडी कॅनॉलची पट्टी. गाळप हंगाम तोंडावर आलाय. कुणाचं ऐकू? कोणता हूक घेऊ?
– एक वाचक, ता. शिराळा

उत्तर

भाऊ, तिघांपैकी कुणाचंच ऐकू नका. वडिलांना हे तुमच्या पद्धतीनं सांगा, माझं नाव पुढं केलं तरी चालेल.

तिघांच्या सल्ल्यात एक गोष्ट सारखी आहे. तिघंही हूक तुटेल का एवढाच विचार करतायत. हूक तुटून झालेले अपघात असतात, नाही असं नाही. पण हूक अजिबात न तुटता ट्रॅक्टर उताणा पडतो, किंवा उतारावर ट्रॉली मागून रेटत ट्रॅक्टरला आडवा करते, तेव्हा तुमच्या वेल्डरची १६ एमएमची प्लेट जागच्या जागी शाबूत असते. म्हणून पहिला प्रश्न मजबुतीचा नाही, उंचीचा आहे. दुसरा प्रश्न, हुकावर उभा भार किती पडतो. आणि तिसरा, जो कुणी विचारतच नाही, तो म्हणजे हे सगळं थांबवणार कोण.

उंचीपासून सुरू करू. ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करा आणि टेप घेऊन जमिनीपासून मागच्या एक्सलच्या, म्हणजे दोन्ही चाकांच्या आसाच्या, मध्यापर्यंत मोजा. १४.९-२८ चं टायर असेल तर हा आकडा साधारण ६५ सेंटीमीटरच्या आसपास येईल. आता हुकाची उंची मोजा. हूक एक्सलच्या मध्याच्या खालीच हवा, आणि चांगला वितभर खाली असेल तर उत्तम. कारण असं: मागची चाकं जोर लावून फिरायला बघतात तेव्हा ट्रॅक्टरचं धूड एक्सलभोवती उलट्या दिशेनं, म्हणजे नाक वर करून, उठायला बघतं. ओढ एक्सलच्या खालून लागत असेल तर ती ओढच नाकाला खाली दाबून धरते. एक्सलच्या वरून लागत असेल तर तीच ओढ उलटवायला हातभार लावते. चिखलात चाक रुतलं, ट्रॉली जागची हलेना आणि वरून ड्रायव्हरनं झटक्यात क्लच सोडला, तर दीड-दोन सेकंदांत खेळ आटोपतो. उडी मारायला तेवढा वेळ पुरत नाही.

टॉपलिंक म्हणजे अवजाराला वरून धरणारा दांडा, त्याचं ब्रॅकेट एक्सलच्या चांगलंच वर असतं. म्हणून चुलत्यांचा सल्ला तिघांत सगळ्यात धोक्याचा. शिवाय टॉपलिंकची पिन १९ एमएमची असते, मोठ्या कॅटेगरीत २५ ची. ती नांगर-रोटाव्हेटरसारखी अवजारं धरायला बनवलेली आहे, भरलेली ट्रॉली ओढायला नाही. भावकीतले ओढतात हे खरं असेल. त्यांच्या वाटेला उतार नसेल, किंवा त्यांची अजून पाळी आली नसेल.

वेल्डरदादाचं काम चुलत्यांच्या मानानं भक्कम असेल, पण तो हूक नेमका त्याच चुकीच्या उंचीवर नेऊन ठेवतोय. आकड्यांत दाखवतो, म्हणजे घरी बोलताना सोपं जाईल. तुमच्या ट्रॅक्टरचं वजन साधारण २,२०० किलो धरा, त्यातलं पुढच्या चाकांवर ८५० च्या आसपास. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २ मीटर. चढाला ट्रॉलीची ओढ १,००० किलोची लागली आणि हूक जमिनीपासून ५० सेंटीमीटरवर असला, तर पुढच्या चाकांवरचे २५० किलो उचलले जातात. तोच हूक ८५ सेंटीमीटरवर नेला की ४२५ किलो उचलले जातात. ट्रॅक्टर तोच, ऊस तेवढाच, नुसत्या उंचीनं पावणेदोनशे किलोचा फरक.

यात दोनचाकी ट्रॉलीचा उभा भार अजून धरलेलाच नाही. दोनचाकी ट्रॉली म्हणजे शेवटी बैलगाडीच. गाडी भरताना घरातली म्हातारी माणसं सांगायची ना, पुढं जास्त भरलीस तर बैलांच्या मानेवर येईल, मागं भरलीस तर उलाळ होईल, म्हणजे नाक वर उचललं जाईल. इथं बैलांच्या मानेच्या जागी हूक आहे. समजा, हुकावर ७०० किलो बसले आणि हूक एक्सलच्या ८० सेंटीमीटर मागं आहे. त्यानं पुढच्या चाकांवरचे आणखी २८० किलो गेले. आता बेरीज करा. खालच्या हुकाला ८५० तून ५३० गेले, उरले ३२०. वरच्या हुकाला ७०५ गेले, उरले १४५. स्टिअरिंगनं ट्रॅक्टर नीट वळायचा असेल तर ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहावा असा ठोकताळा आहे, म्हणजे तुमच्या बाबतीत ४४० किलो. वरच्या हुकाचा ट्रॅक्टर वळत नाही, फक्त वळल्यासारखं करतो. आणि खालचा हूकसुद्धा एवढ्या भाराला कमीच पडतोय, हेही बघून ठेवा. पुढं त्यावर येतो.

पुढची चाकं हातभर हवेत, ड्रायव्हर नुसत्या डाव्या-उजव्या ब्रेकवर ट्रॅक्टर वळवतोय आणि बाजूला पोरं शिट्ट्या मारतायत, असे व्हिडिओ तुमच्याही मोबाईलवर येत असतील. त्यात ट्रॅक्टरची ताकद दिसते असं लोकांना वाटतं. मला त्यात हूक चुकीच्या ठिकाणी लावलाय आणि ट्रॉली पेलवेल त्याच्या बाहेर भरलीय एवढंच दिसतं.

आता वडिलांची भोकाची पट्टी. ती खालच्या दोन लिंकांच्या, म्हणजे अवजार उचलणाऱ्या दांड्यांच्या, मधे बसते, उंचीला खाली असते, म्हणून वडिलांचं म्हणणं वरवर बरोबर वाटतं. पण त्या लिंका हायड्रॉलिकनं वर-खाली होतात. चालत्या गाडीत कुणाचा हात किंवा गुडघा लिव्हरला लागला की हूक वर उचलला जाणार. तो न उचलता पक्का बांधून ठेवायला वेगळ्या स्टे-पट्ट्या लागतात, आणि त्या असल्या तरी ट्रॉलीनं बाजूला दिलेला हिसका शेवटी लिंकांच्या बॉलवर आणि आडव्या साखळ्यांवरच येतो. शेतात पाण्याचा हलका टँकर किंवा पेरणीचं काही ओढायचं असेल तर पट्टी ठीक. रस्त्यावर भरलेल्या उसाला नाही.

मग घ्यायचा कोणता? तुमच्या ट्रॅक्टरच्या कंपनीचाच ट्रॉलीचा हूक, जो मागच्या हाउसिंगला, म्हणजे गिअर-एक्सलच्या कवचाला, नट-बोल्टनं बसतो. नव्या ट्रॅक्टरबरोबर हूक, बंपर, टॉपलिंक, ड्रॉबार असा जो संच मिळतो त्यात तो असायला हवा. नसेल तर डीलरकडून मागून घ्या, बाजारात मिळणारा 'सगळ्याला बसतो' असला घेऊ नका. तो दोन जबड्यांचा असावा, म्हणजे वर एक पाटा, खाली एक पाटा, मधे ट्रॉलीची कडी आणि तिघांतून आरपार पिन. एकाच पाट्यातून वर निघालेल्या खुंटीला कडी अडकवली की सगळा हिसका खुंटीच्या बुडाशी येतो आणि ती वाकते. दोन्ही टोकांना धरलेली पिन तोच भार दोन ठिकाणी वाटून घेते. काही हुकांना वर-खाली करायला भोकांची रांग असते. ती असेल तर सगळ्यात खालचं भोक ट्रॉलीसाठी.

ट्रॅक्टरच्या पुस्तकात हुकाला किती ओढ चालते आणि उभा भार किती चालतो हे दिलेलं असतं. दोन वेगवेगळे आकडे असतात आणि उभा भार नेहमी बराच कमी असतो. पुस्तक बहुतेक टूलबॉक्सच्या तळाला प्लॅस्टिकच्या पिशवीत असेल, ते काढा. हूक बसवायचे बोल्ट हाय टेन्साइलच हवेत, त्यांच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असं कोरलेलं दिसतं. कंपनीनं जो आकडा सांगितलाय त्याहून खालचा घालू नका. डोकं कोरं असेल तो बोल्ट दुकानदाराला परत करा. आणि हाउसिंगवर वेल्डिंग अजिबात नाही. ते बीड, म्हणजे ओतीव लोखंड असतं. वेल्डिंगच्या उष्णतेनं तिथं चीर धरते आणि मग हुकाऐवजी ट्रॅक्टरचं मागचं अंगच कामाला येतं. घडीव हुकावर आणि पिनेवरही टाके मारू देऊ नका, टाक्याच्या शेजारचं लोखंड कडक आणि ठिसूळ होतं.

कडी आणि हुकाच्या उंचीचा प्रश्न राहिलाच. तो ट्रॅक्टरकडून नाही, ट्रॉलीकडून सोडवायचा. ट्रॉलीची दांडी साध्या चॅनेलची असते, ते वेल्डिंगला चांगलं. वेल्डरदादाला सांगा, तुझ्या हाताला जागा इथं आहे: दांडीच्या पुढच्या टोकाला खाली उतरणारा भक्कम जोड कर, त्याला दोन्ही बाजूंनी त्रिकोणी आधार दे, आणि कडी अशा उंचीवर आण की ट्रॉली रिकामी असताना नाकाकडं किंचित वर राहील आणि भरल्यावर सपाट बसेल. कॅनॉलची पट्टी वाटेत आहे म्हणता, तर कडी फिरती घ्या, म्हणजे स्वतःभोवती वळणारी. घट्ट कडी असेल तर ट्रॉली बाजूला कलंडताना ट्रॅक्टरलाही पिळून बरोबर नेते. फिरत्या कडीला ट्रॉली एकटी पडते. ऊस गेला तर गेला.

पिनेबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण सगळ्यात स्वस्त वस्तू हीच आणि सगळ्यात जास्त हेळसांड हिचीच. कितीतरी ट्रॉल्यांना बांधकामाच्या सळईचा तुकडा घातलेला असतो. कडीचं भोक ५० एमएमचं आणि आत पिन २५ ची, अशीही जोडी दिसते. मग ट्रॅक्टर सुटला की 'ठण्ण', ब्रेक दाबला की पुन्हा 'ठण्ण'. त्या प्रत्येक 'ठण्ण'ला दहा टनांचा हातोडा पिनेवर बसत असतो. हुकाच्या भोकात आणि कडीत नीट बसेल अशी जाड, घडीव, कडक केलेली पिन घ्या. नवी असताना व्हर्नियरनं जाडी मोजून दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवा. ३० ची पिन मधे झिजून २६ ची झाली की डोळ्याला फारसा फरक दिसत नाही, पण कातरायला लागणारी तिची ताकद पाव हिश्शानं कमी झालेली असते आणि वाकायला विरोध करण्याची तर तिसऱ्या हिश्शानं. ती त्याच दिवशी भंगारात. पिन नेहमी वरून खाली घालायची आणि खालच्या टोकाला लॉक क्लिप लावायची. तारेचा वेटोळा किंवा सुतळी म्हणजे लॉक नाही. हंगामात स्टिरिओचा डेक आणि चार-चार भोंगे सगळ्यांच्या ट्रॅक्टरवर चढतात, पण क्लिप हरवली की ती आणायला कुणाला वेळ नसतो.

दांडीपासून ट्रॅक्टरपर्यंत एक वेगळी सेफ्टी साखळी लावा. ती हुकाच्याच बोल्टला बांधून उपयोग नाही, हूकच निघाला तर साखळीही निघेल. दोन साखळ्या दांडीखालून फुलीसारख्या नेल्या तर कडी सुटली तरी दांडी जमिनीत न घुसता साखळीवर झेलली जाते. वळताना ताण येणार नाही एवढी ढील ठेवा, जमिनीला घासेल एवढी नको. दोन ट्रॉल्यांच्या मधेही तशीच.

आता डबलचं बोलू, इथं मी तुम्हाला नाराज करणार आहे.

दोनचाकी ट्रॉलीमागं दुसरी दोनचाकी जोडली की मागचीची दांडी पुढचीच्या शेपटीवर बसते. शेपूट दबली की पुढचीचं नाक उचललं जातं, म्हणजे मघाच्या भाषेत पुढची ट्रॉली उलाळ होते. मग ट्रॅक्टरच्या हुकावर भार खाली न पडता वर ओढ लागते, पिन वर उडू बघते. वर ते खाली असं हे उलटसुलट खड्ड्याखड्ड्याला होतं. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचं वजनही त्या वेळी हलकं होतं, चिखलात ती नुसती फिरतात. क्लिप नसलेली पिन आणि डबल दोनचाकी ही जोडी मला कुणाच्याही दारात उभी बघवत नाही.

डबल ओढायचीच असेल तर चारचाकी ट्रॉली घ्या, ज्यात पुढची चाकं वळणाऱ्या चकतीवर असतात. तिचा भार तिच्याच चारही चाकांवर असतो, हुकावर जवळजवळ काहीच येत नाही. वरचा हिशेब पुन्हा मांडा: ८५० तून ओढीचे २५० गेले, ६०० उरले. ४४० च्या वर. ट्रॅक्टर वळतो. दोन्ही चारचाकी जमत नसतील तर निदान पुढची चारचाकी, मागं दोनचाकी चालेल, कारण मागचीचा भार पुढचीच्या मागच्या एक्सलवर पडतो. उलटं, म्हणजे पुढं दोनचाकी आणि मागं चारचाकी, हेही डबल दोनचाकीपेक्षा बरं, पण मग हुकावरच्या भाराचं दुखणं तसंच राहतं. चारचाकीचा एक त्रास आहे, ती मागं घ्यायला अवघड. डबल चारचाकी तर मागं घेता येतच नाही म्हटलं तरी चालेल. तेव्हा शेताच्या तोंडाशी वळायला जागा आहे का हे तोडणीची टोळी उसात उतरायच्या आधी जाऊन बघून या.

माझं स्पष्ट मत विचाराल तर या हंगामात एकच ट्रॉली ओढा. हप्ता अंगावर आहे, खेपा कमी पडतील, तोडणी टोळीच्या मुकादमाला उचल (आगाऊ पैसे) दिलेली असेल, हे सगळं मला दिसतंय. तरीही. दोन जुन्या दोनचाकी विकून एक बरी चारचाकी येते का याची चौकशी करा, पुढच्या हंगामात दुसरी बघू.

याचं कारण तो तिसरा प्रश्न, थांबवायचं कसं. दोन भरलेल्या ट्रॉल्या मिळून २० टन धरू, ट्रॉलीला ब्रेक नाहीत. तुमच्या ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना, त्यांची जमिनीवरची पकड फार तर सव्वा टनाच्या रोखाची. कोरड्या डांबरी सपाटीवर ताशी २५ किलोमीटर वेगानं येताना ब्रेक दाबला, तर हिशेबानं ३५ मीटरच्या आसपास गेल्यावर गाडी थांबते. तोच वेग २० ला १ (२० मीटरला १ मीटर खाली) अशा उतारावर असेल तर १०० मीटरच्या पुढं. हे पाय ब्रेकवर पडल्यानंतरचं अंतर, आधी विचार करायला लागणारा वेळ वेगळा. ब्रेक तापलेले असतील, रस्ता ओला असेल, मळीनं किंवा उसाच्या चिपाडानं निसरडा झाला असेल, तर आकडाच सांगता येत नाही.

आणि इथं उंच हूक दुसऱ्यांदा दगा देतो. ब्रेक दाबल्यावर ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलते. ते ढकलणं ८५ सेंटीमीटर उंचीवरून आलं की ट्रॅक्टरची मागची चाकं उचलली जातात, म्हणजे ज्या दोन चाकांना ब्रेक आहेत नेमकी तीच हलकी होतात. वळणावर ढकलणं तिरकं येतं आणि ट्रॅक्टर कात्रीसारखा आडवा होतो. चढाला नाक उचलणारा आणि उताराला शेपूट उचलणारा, असा तो हूक. तुमच्या वाटेवर दोन्ही आहेत.

तेव्हा ट्रॉलीला ब्रेक बसवा. ट्रॅक्टरला कॉम्प्रेसर लावून ट्रॉलीला एअर ब्रेक करून देणारे आता मिळतात, हायड्रॉलिकचेही आहेत. हुकाला जेवढे घालवाल त्याच्या कितीतरी पट जास्त जातील, पण निवड करायची वेळ आली तर डेक, भोंगे, रंग, पुढची नावाची पाटी हे सगळं सोडा आणि ब्रेक घ्या. ते होईपर्यंत उताराच्या वरच थांबून खालचा गिअर टाका, आणि ज्या गिअरमधे चढ चढला असता त्याच गिअरमधे उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचं नाही, क्लच दाबून ठेवायचा नाही. ट्रॅक्टरच्या दोन्ही ब्रेक पेडलांना जोडणारी छोटी पट्टी असते, ती शेतात सुटी ठेवतात आणि रस्त्यावर अडकवायची विसरतात. ती अडकवलेली नसेल आणि घाईत एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर जागच्या जागी गिरकी घेतो. मागं २० टन असताना गिरकी म्हणजे काय हे मी लिहीत बसत नाही.

पुढच्या बंपरला वजनं लावा, एवढं म्हणजे सगळं भागलं असं मात्र समजू नका. वजनं नाक धरून ठेवतात, पण वजनं लावली म्हणून ट्रॉलीत चार मोळ्या जास्त भरल्या की आपण होतो तिथंच. ट्रॉली भरताना पुढं-मागं सारखी भरा. मोळ्या टाकणाऱ्यांना पुढं उभं राहून टाकणं सोपं जातं, म्हणून पुढं ढीग होतो. मधे उतरून एकदा दांडीकडं बघा.

शेतातून बाहेर काढतानाची गोष्ट. ओल्या रानात ट्रॉलीच्या वजनाच्या साधारण १५ टक्के ओढ लागते, म्हणजे १० टनांच्या एका ट्रॉलीला दीड टन. तुमचा ट्रॅक्टर तेवढी पकड देऊच शकत नाही, मग तो ५० एचपीचा असो की ६० चा. म्हणून डबल कधी केलीत तरी सरीतून एकेक ट्रॉली बाहेर काढून रस्त्यावर जोडा. दुसरा ट्रॅक्टर पुढं लावायची वेळ आली तर साखळी तुमच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या टोइंग हुकाला लावा, बंपरला नको, आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरला ती मागच्या एक्सलच्या वर तर नकोच. वायर रोप ताणलेली असताना आजूबाजूला कुणाला उभं राहू देऊ नका, ती तुटली की पायच कापून नेते.

जोडताना काय होतं ते तुम्ही रोज बघणार आहात. एकजण ट्रॉली आणि ट्रॅक्टरच्या मधे उभा, दांडी दोन्ही हातांनी उचललेली, तोंडानं 'मागं, मागं, अजून वितभर, थांब, थांब!' आणि ड्रायव्हर मान मागं वळवून, अर्ध्या क्लचवर. पाय क्लचवरून सटकायला किती वेळ लागतो? दांडीखाली उंची कमी-जास्त करायचा जॅक बसवून घ्या आणि ट्रॉलीच्या चाकाला दगड लावा. ट्रॅक्टर मागं येत असताना मधे कुणी नको. ट्रॅक्टर थांबला, न्यूट्रल झाला, हँडब्रेक लागला, मग माणूस बाजूनं जाऊन पिन घालेल. टोळीतली लहान पोरं ट्रॉलीखाली सावलीला बसतात. सुरू करण्याआधी स्वतः उतरून एक फेरी मारायची, हे काम किन्नरवर, म्हणजे हाताखालच्या पोरावर, सोडायचं नाही.

कागदांचं थोडक्यात. ट्रॉलीचं पासिंग ट्रॅक्टरपेक्षा वेगळं असतं, जुनी ट्रॉली घेताना तिचं आरसी बुक नावावर करून घ्या आणि त्यावर भरलेल्या वजनाचा जो आकडा आहे तो वाचा. ट्रॅक्टरच्या विम्यात ट्रॉलीचा उल्लेख आहे का ते एजंटाला विचारा. नसेल आणि ट्रॉलीमुळं कुणाला लागलं तर विमा कंपनी तिथंच बोट ठेवते. मागं आणि दोन्ही बाजूंनी रिफ्लेक्टर लावा. कारखाने लावून देतात, पण वाढ्यांनी (उसाच्या शेंड्यांनी) ते झाकले जातात, ऊस भरून झाल्यावर बघा.

आता मला तीन मापं आणि एक फोटो पाठवा: जमिनीपासून एक्सलच्या मध्याची उंची, आताच्या हुकाची उंची आणि रिकाम्या ट्रॉलीच्या कडीची उंची. फोटो बाजूनं, ट्रॉली जोडलेली असताना, मोबाईल गुडघ्याच्या उंचीला धरून काढा. दांडीचा जोड किती खाली उतरवायचा ते वेल्डरदादाला दाखवता येईल असं काढून देतो. तोवर त्याला प्लेट कापू नको म्हणून सांगा.